केंद्र नसलेल्या गावाच्या सात संध्याकाळी

सोलापूरला स्वतःचं रेडिओ केंद्र नव्हतं, त्या काळातली ही आठवण आहे. पुण्याला केंद्र 1953 साली झालं, सांगलीला 1963 साली. धारवाडला 1950 पासून होतं आणि हैदराबादला तर निजामाच्या अमदानीपासून. 1966 साली शेजारच्या गुलबर्ग्यालाही झालं. आमच्याकडे गिरण्या होत्या, माग होते, चादरी, विड्या, शेंगाची चटणी, सिद्धेश्वराचा गड्डा, सगळं होतं. केंद्र तेवढं नव्हतं. "सांगलीला मिळतंय, आपल्याला का नाही?" यावर पानाच्या ठेल्यांपासून टिळक चौकातल्या ओट्यांपर्यंत तावातावाने चर्चा झडायच्या. आज मागे वळून बघताना मला वाटतं, ते नव्हतं हे आमच्या पथ्यावरच पडलं. ज्या गावाला आपलं केंद्र असतं ते गाव आपलंच केंद्र ऐकतं. आम्ही सगळ्यांची ऐकली.

आणि ऐकली ती मुख्यतः संध्याकाळी. यात हौसेपेक्षा निसर्गाचा भाग मोठा होता. त्या वेळी बहुतेक केंद्रं मध्यम लहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हवर चालायची. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित थर असतात. दिवसा त्यातला खालचा थर या लहरी शोषून घेतो, त्यामुळे भर दुपारी लांबचं केंद्र लावलं तर हाती नुसती खरखर. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि लहरी त्याच्या वरच्या थरावर आपटून शेकडो मैल लांब जाऊन उतरतात. हे शास्त्र मला पुढे कॉलेजात कळलं. लहानपणी एवढंच ठाऊक होतं की, दिवे लागले की हैदराबाद जवळ येतं.

आमचा वाडा साखर पेठेच्या कडेला. पुढच्या बाजूला आम्ही मराठी, मागच्या सोप्यात तेलुगू पद्मशाली कुटुंब, माडीवर कन्नड बोलणाऱ्या अव्वा आणि त्यांचा गोतावळा, दारासमोरच्या घरात उर्दू बोलणारे चाचा. रेडिओ मात्र वाड्यात एकच, आमचा. वडिलांना आम्ही आण्णा म्हणत असू. ते एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होते आणि बोनसच्या पैशातून त्यांनी मर्फीचा सेट घेतला होता. लाकडी पेटी, पुढे सोनेरी कापड, खाली काचेची पट्टी, तिच्यावर गावांची नावं. व्हॉल्व्हचा सेट असल्याने बटण फिरवल्याबरोबर आवाज यायचा नाही. आधी काचेमागचा पिवळा दिवा लागायचा, मग उजवीकडचा हिरवा डोळा हळूहळू उजळायचा, तापलेल्या धुळीचा एक वास यायचा आणि मग कुठूनतरी लांबून सूर वर यायचा. केंद्र नीट जुळलं की हिरव्या डोळ्याच्या पापण्या मिटत यायच्या. त्या डोळ्याकडे बघत काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करणं हे आण्णांचं काम. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. एरियल म्हणजे खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याची जाळीदार पट्टी. तिच्यावर चिमण्या बसायच्या, आणि आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, ओला टॉवेल टाकू बघायची. दोन्हींना आण्णांचा सारखाच विरोध.

रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागायचा, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं. पोस्टातून एक पुस्तिका मिळायची, दरवर्षी पैसे भरून तिच्यावर तिकिटं लावून घ्यायची. आरंभी वर्षाला 10 रुपये, पुढे 15. तपासनीस येणार अशी अफवा उठली की ज्यांचा परवाना संपलेला असायचा त्यांचे रेडिओ चार दिवस गोधडीखाली जायचे. आण्णांची पुस्तिका मात्र रेशनकार्डाच्या शेजारी, लाल रुमालात.

रेडिओ मुळात मात्र सरकारी नव्हता. मुंबईचं केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झालं ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खासगी कंपनीचं. अवघ्या दीड किलोवॅटचं ते प्रक्षेपण. कंपनी तीन वर्षांत बुडाली, 1930 साली सरकारने कारभार हाती घेतला आणि 8 जून 1936 रोजी या सेवेचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. केंद्र सुरू होताना वाजणारी ती ओळखधून वॉल्टर काउफमान या प्राग शहरातून मुंबईत आलेल्या ज्यू संगीतकाराने बांधलेली. हिटलरच्या भीतीने देश सोडलेल्या माणसाची धून आपल्या चार पिढ्यांच्या कानात बसली.

आता आमचा आठवडा. वारांची ही वाटणी केंद्रांनी केलेली नव्हती, एखाद-दुसरा वार सोडला तर ती वाड्याने केलेली होती. सेट एक, भाषा चार, तेव्हा भांडणं टाळायची तर वार वाटून घेणं भागच होतं. आण्णांनी ती वाटणी पंचाच्या थाटात जाहीर केली आणि सगळ्यांनी मान्य केली.

सोमवार पुण्याचा. सोमवारी आजी सिद्धेश्वराला जाऊन यायची आणि उपास सोडता सोडता शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम ऐकायची. आमची थोडी कोरडवाहू जमीन मोहोळकडे होती, त्यामुळे बाजारभाव सांगायला लागले की घरात बोलायची बंदी. ज्वारी, गूळ, शेंगा यांचे भाव आजी बोटांवर धरायची. पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमाची धुरा व्यंकटेश माडगूळकरांकडे होती. माणदेशाचा माणूस, त्यामुळे बोलणं आमच्या कानाला सरावाचं. त्याच केंद्रावर जयराम कुलकर्णी होते, बार्शी तालुक्यातल्या आंबेजवळग्याचे. सिनेमातले पाटील आणि पोलीस अधिकारी म्हणून महाराष्ट्राने त्यांना पाहिलं ते नंतर. याच केंद्राने 1956 साली पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं भरवण्याचा प्रयोग केला होता. कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर गावाने चर्चा करायची आणि शंका पुन्हा केंद्राला कळवायच्या. युनेस्कोने त्याची दखल घेतली आणि पुढे तो नमुना देशभर नेला गेला. आजीला युनेस्को ठाऊक नव्हती. पण रेडिओतल्या माणसाला उलट उत्तर देण्याची तिची सवय पाहता ती त्या प्रयोगात पहिली आली असती.

मंगळवार हैदराबादचा, म्हणजे तेलुगू बिऱ्हाडाचा. मागच्या सोप्यात दोन यंत्रमाग होते. त्यांची खडखड एक वेळ चालायची. पण मोटारीच्या ठिणग्यांनी रेडिओत जी करकर उठायची ती काही केल्या जायची नाही. माग थांबले की आवाज एकदम धुतल्यासारखा स्वच्छ. मग त्या घरातल्या बायका सुपं घेऊन आमच्या ओसरीवर यायच्या. सोलापूरच्या पूर्वभागातल्या निम्म्या चुली विड्यांवर चालायच्या. सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं, तंबाखूचा चुरा, दोऱ्याचं रीळ. पान तळहातावर, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक नखाने आत दुमडायचं, दोऱ्याचे दोन फेरे, की विडी तयार. या सगळ्यात नजर सुपावर नसायचीच, ती रेडिओच्या सोनेरी कापडावर. तेलुगू नाटक रंगात आलं की हातांचा वेग वाढायचा, आणि एखादं पात्र रडायला लागलं की पंचवीस विड्यांचं बंडल अर्धंच राहायचं. मला भाषा कळायची नाही. पण कोण दुष्ट आहे हे त्या बायकांच्या तोंडच्या शिव्यांवरून कळायचं, आणि बहुधा ती सासूच असायची. पुढे माझ्या तोंडी जे चार-दोन तेलुगू शब्द बसले त्यातले निम्मे चारचौघांत उच्चारण्यासारखे नाहीत, ते याच शिक्षणामुळे.

बुधवार कुणाच्याच वाटणीला नव्हता, तो सिलोनचा होता. रात्री आठला अमीन सायानी. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी सिनेमाच्या गाण्यांना आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद केलं. शास्त्रीय संगीताचा हा मराठी अभिमानी माणूस. हेतू चांगलाच होता. पण झालं असं की सगळा देश काटा फिरवून रेडिओ सिलोनकडे गेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. 1957 च्या ऑक्टोबरात आकाशवाणीने विविध भारती काढली, तोवर बुधवारची रात्र हातची गेलेलीच होती. सिलोन लघुलहरींवर, पंचवीस, एकतीस, एकेचाळीस मीटरवर. आवाज भरतीसारखा चढायचा आणि ओसरायचा. नेमकं गाण्याचं नाव सांगताना ओसरायचा. "काय बे, लाव की नीट," असं बाहेरून कुणीतरी ओरडायचं. ओरडणारा आमच्या दारातच उभा असला तरी तो आण्णांना ओरडला असं धरायचं नाही, तो सिलोनला ओरडला असं धरायचं, हा बुधवारचा अलिखित नियम. कुठलं गाणं वरच्या पायरीवर जाणार यावर शेंगांच्या पैजा लागायच्या. मागवाले तेलुगू मामा एरवी रात्री नऊपर्यंत माग थांबवायचे नाहीत. पण बुधवारी पावणेआठलाच मोटार बंद. टॉवेल कमी निघाले तर चालतील, करकर नको.

गुरुवार धारवाडचा. माडीवरच्या अव्वा शुभ्र लुगड्यात, कपाळावर विभूती लावून खाली यायच्या आणि खुर्ची देऊ केली तरी जमिनीवरच बसायच्या. त्यांना हवी असायची ती वचनं. बसवण्णा आणि अक्कमहादेवी यांची वचनं मल्लिकार्जुन मन्सूर गायला लागले की त्या डोळे मिटून घ्यायच्या. मन्सूर धारवाड केंद्राचे संगीत सल्लागारही होते. आण्णांना कन्नड जेमतेम कळायचं. पण गाण्याचा कान होता, त्यामुळे अव्वा शब्दांसाठी आणि आण्णा सुरांसाठी एकाच वेळी माना डोलवायचे. धारवाडशी आमच्या गावाचं आणखी एक नातं होतं. ज्यांना कन्नड लोक वरकवी म्हणतात ते द. रा. बेंद्रे 1944 ते 1956 अशी बारा वर्षं सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात, म्हणजे आजच्या दयानंद कॉलेजात, कन्नडचे प्राध्यापक होते. घरची भाषा मराठी, कविता कन्नड, नोकरी सोलापुरात. इथून गेले ते धारवाड केंद्राचे सल्लागार म्हणून. 1973 साली त्यांना ज्ञानपीठ मिळालं तेव्हा धारवाडइतकाच आनंद आमच्याकडच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना झाला. बेंद्र्यांचं नाव रेडिओवर आलं की अव्वांचा मुलगा अभिमानाने सांगायचा, "आमचे सर आहेत ते."

शुक्रवारी मुंबई. हवा साफ असली तरच, कारण अंतर मोठं. पण गिरणगावाला गिरणगावाची ओढ असते. मुंबईची कामगार सभा लागली की वाड्यात गिरणीतली मंडळी जमायची. आमचा दिवस भोंग्यांवर चालायचा. जुन्या मिलचा भोंगा, नरसिंग गिरजीचा भोंगा, ज्याचे त्याचे सूर वेगळे. जुनी मिल बंद पडल्याचं दुःख ताजं होतं, त्यामुळे मुंबईच्या कामगारांसाठीच्या कार्यक्रमात कुणी बोनस म्हटलं की आमच्या ओसरीवर परिसंवाद सुरू व्हायचा आणि रेडिओ एकटाच बोलत राहायचा. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी हे 'प्रपंच'मधलं त्रिकूट ऐकायचा योग आला तर मात्र सगळे चिडीचूप. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर ही त्यांची खरी नावं आम्हाला ठाऊक होती, तरी बाळ कुडतरकर निवर्तले तेव्हा आमच्याकडे सगळे म्हणाले ते टेकाडे भावजी गेले असंच. 'आपली आवड'मध्ये पत्र पाठवणाऱ्यांची नावं वाचायचे. त्यात कधी 'सोलापूरहून' असं आलं की ते नाव कुठल्या पेठेतलं, याचा शोध दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लागलेला असायचा. आणि दिवाळीच्या आसपास 'भाऊबीज' चित्रपटातलं आशाबाईंचं ओवाळणीचं गाणं हमखास लागायचं. गीतकार संजीव, असं निवेदकाने म्हटलं की आई ओवाळणीचं ताट हातात असलं तरी थांबायची. कवी संजीव म्हणजे आमच्या सोलापूरचे कृष्ण गंगाधर दीक्षित. केंद्र नसलं तरी गाणं आमचं होतं.

शनिवार सगळ्यात शिस्तीचा. रात्री साडेनऊला दिल्लीहून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, जुलै 1952 पासून चालत आलेला. हीही केसकरांचीच देणगी, आणि ही मात्र त्यांच्या नावावर जमेच्या बाजूला मांडली पाहिजे. ज्यांना मैफलीचं तिकीट कधीच परवडलं नसतं, त्यांच्या ओसरीवर देशातला पहिल्या प्रतीचा गवई येऊन तास-दीड तास गात होता. आण्णा त्या दिवशी जेवण लवकर उरकायचे, अंगात सदरा चढवायचे. बनियनवर बसून ख्याल ऐकणं त्यांना पटायचं नाही. एक गंमत सांगतो. महाराष्ट्रात घराघरात पेटी. पण आकाशवाणीवर पेटीला 1940 पासून तीसेक वर्षं बंदी होती. हार्मोनियमचे स्वर ठरलेल्या पट्ट्यांत अडकलेले, त्यातून आपली श्रुती निघत नाही, असा आक्षेप. त्यामुळे साथीला सारंगी. पेठेतले एक पेटीमास्तर या कार्यक्रमाला यायचे आणि संपूर्ण मैफल मांडीवर बोटं चालवत ऐकायचे. सारंगी जिथे कमी पडली असं त्यांना वाटायचं तिथे त्यांची बोटं जोरात चालायची. आकाशवाणीने बंदी घातली खरी, पण आमच्या ओसरीवर पेटीची साथ दर शनिवारी होत होती.

रविवार चाचांचा. हैदराबादचाच काटा, पण आता उर्दू. 'नैरंग' कार्यक्रमातल्या गझला आणि कव्वाली ऐकायला चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून यायचे आणि येताना मुलांसाठी खारे दाणे आणायचे. गाणं संपलं की मोठी माणसं हटकून जुन्या गोष्टींकडे वळायची, आणि सोलापूर-हैदराबाद म्हटल्यावर गोष्ट एकच, 1948 च्या सप्टेंबरची. तेव्हा निजामाची हद्द आमच्या वेशीपासून फार लांब नव्हती. रझाकारांच्या भीतीने सरहद्दीवरच्या खेड्यांतली माणसं सोलापूर-बार्शीकडे आलेली. 13 सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल चौधरींच्या हाताखालचं लष्कर सोलापूरहून निघालं आणि त्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. त्या आठवड्यात शहरात ज्याच्याकडे रेडिओ होता त्याच्या घरी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची. दिल्ली एक सांगायची, हैदराबादचा डेक्कन रेडिओ दुसरंच. लोक आधी हे ऐकायचे, मग काटा फिरवून ते ऐकायचे आणि खरं काय ते स्वतः ठरवायचे. 17 तारखेच्या संध्याकाळी त्याच डेक्कन रेडिओवरून खुद्द निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. ते समजावून सांगायला लोकांनी चाचांना खांद्यावर उचलून पुढे नेलं, असं आण्णा सांगायचे. चाचा म्हणायचे, "खांद्यावर नाही हो, ओट्यावर. तुम्ही गोष्ट फार वाढवता." हा वाद दर रविवारी नव्याने व्हायचा आणि आम्ही तो दर रविवारी नव्याने ऐकायचो.

मग ट्रान्झिस्टर आले. ज्याच्या त्याच्या हातात आपला रेडिओ आला आणि वारांची वाटणी आपोआप मोडली. सोप्यातल्या मामांनी स्वतःचा सेट घेतला, अव्वांच्या नातवाने घेतला, चाचांना त्यांच्या मुलाने दुबईहून आणून दिला. सगळ्यांना हवं ते हवं तेव्हा मिळू लागलं. पण दुसऱ्याचं कानावर पडायचं थांबलं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने संध्याकाळ ताब्यात घेतली, रेडिओचे परवाने रद्द झाले आणि पोस्टातल्या त्या पुस्तिका रद्दीत गेल्या. पुढे सोलापूरला आकाशवाणीचं आपलं केंद्रही झालं. आज ते 103.4 मेगाहर्ट्‌झवर ऐकू येतं, आवाज काचेसारखा स्वच्छ, भाषा आपली, माणसं आपली. ज्यांनी त्यासाठी अर्ज-विनंत्या केल्या त्यांचे उपकारच आहेत. पण एफएमच्या लहरी सरळ जातात, क्षितिजापलीकडचं काही आणत नाहीत.

मला तेलुगू नाटक, कन्नड वचन आणि उर्दू गझल यांची गोडी कुठल्या शाळेने लावली नाही. ती लावली एका सेटच्या अडचणीने. त्या काळातली गरिबी परत यावी असं मी म्हणणार नाही, परवान्याची तिकिटं तर मुळीच नकोत. पण दुसऱ्याच्या वारी गुपचूप बसून त्याचं ऐकायचं, ही सवय मोलाची होती आणि ती आपण उगाच घालवली.

मध्यम लहरींवरची बरीच केंद्रं अलीकडे बंद झाली, काही अजून चालू आहेत. तुमच्या माळ्यावर जुना रेडिओ असेल तर या दिवाळीत तो खाली काढा, एखाद्या जुन्या कारागिराकडून नीट करून घ्या. अंधार पडू द्या. घरातले मोबाइलचे चार्जर आणि एलईडीच्या माळा घटकाभर बंद करा, कारण मागांच्या मोटारींची जागा आता त्यांनी घेतली आहे. मग काटा सावकाश फिरवा. एखादं परक्या भाषेतलं केंद्र लागलं तर लगेच पुढे जाऊ नका. आणि शेजारी ती भाषा कळणारं कुणी असेल, तर त्यांना आवर्जून बोलवा.